पस्तीसजणींचं घर

गेली अकरा वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या नावाचा एक पुरस्कार दिला जातो. पाच हजार एक रुपये, शाल, श्रीफळ आणि मानपत्र. रक्कम वाढवायची असं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहून जातं. निवड समितीत आम्ही पाचजण आहोत. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, मानपत्राचा मसुदा बरा लिहिते म्हणून मला घेतलेलं. आजवरच्या अकरा मानकऱ्यांपैकी नऊ शिक्षिका, एक बालवाडीच्या ताई आणि एक बचत गट चालवणाऱ्या बाई. सावित्रीबाई म्हणजे शाळा, हे समीकरण आमच्या डोक्यात इतकं पक्कं की त्याबाहेर कुणाचं नाव सुचतच नाही.

गेल्या वर्षी मी एक वेगळं नाव सुचवलं. ग्रामीण रुग्णालयात बत्तीस वर्षं आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या बाईंचं. गावात त्यांना सगळे मावशी म्हणतात, मीही इथे मावशीच म्हणेन. अत्याचार झालेली एखादी मुलगी पोलिसांबरोबर तपासणीला आली की पाळी कुणाचीही असो, बोलावणं मावशींना जायचं. तपासणी चालू असताना तिचा हात धरून उभं राहायचं, मध्येच थांबा म्हणून डॉक्टरांना सांगायचं, बाहेर बाकावर कोसळलेल्या आईला चहा पाजायचा. पुढे दीड-दोन वर्षांनी खटला उभा राहिला की कोर्टाच्या व्हरांड्यात त्या मुलीशेजारी डबा घेऊन बसायचं. निवृत्तीनंतरही हे थांबलेलं नाही. नात्यातल्या नसताना तुम्ही इथे का, असं एका शिपायाने त्यांना कधीकाळी विचारलं होतं म्हणे. त्या मुलीची मावशीच आहे मी, असं सांगून त्या बसून राहिल्या.

नाव सगळ्यांना आवडलं. मग प्रश्न आला की मानपत्रात लिहायचं काय? समितीतल्या वकिलांनी आठवण करून दिली की पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली येतो. आमचं गाव एवढंसं. मुलीचं नाव घेतलं नाही तरी मावशींनी अमुक साली हे केलं एवढं म्हटल्यावर लोक बोटांवर वर्षं मोजून घर शोधून काढतील. वकिलांचं म्हणणं खरं होतं. पण दुसऱ्या एका सदस्यांनी काढलेला मुद्दा मला रुचला नाही. कार्यक्रमाला समोर शाळेच्या मुली बसलेल्या असतात, त्यांच्यापुढे हे असले विषय कशाला, असं त्यांना वाटत होतं. अर्धा तास घोळ झाला आणि नाव पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. पुरस्कार एका शिक्षिकेला दिला. त्या चांगल्याच होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

घरी येताना एकच विचार डोक्यात घोळत होता. ज्या बाईच्या नावाने आम्ही हा पुरस्कार देतो, ती आमच्या गावात असती तर आमच्या समितीने तिला तो दिला असता का?

सावित्रीबाईंची शाळेची गोष्ट मी इथे पुन्हा सांगत बसत नाही. शिरवळजवळच्या नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी. जन्म ३ जानेवारी १८३१. नवव्या वर्षी, १८४० साली, जोतीरावांशी लग्न. नवऱ्याकडून शिकली, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तिथे शिकवू लागली. अंगावर शेण आलं, दगड आले. सासऱ्यांनी १८४९ मध्ये घराबाहेर काढलं, तेव्हा उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला आणि फातिमा शेख यांची साथ मिळाली. १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह आला. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. मी स्वतः तीस वर्षं ते शिकवलं आहे. शेणाचा प्रसंग आला की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता व्हायची. पण त्यानंतर धडा संपायचा. सावित्रीबाईंचं आयुष्य मात्र तेव्हा निम्मंही झालेलं नव्हतं. १८६३ साली त्या बत्तीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम तेव्हा सुरू व्हायचं होतं.

त्याची सुरुवात काशीबाईपासून होते.

जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे इनाम कमिशनमध्ये नोकरीला होते. त्यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. बऱ्या घरातली, देखणी आणि वागणुकीने सरळ. गोवंड्यांच्या शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. ते तिच्या मागे लागले. तिने आधी दाद दिली नाही. त्यांनी पाठ सोडली नाही, आणि शेवटी ती त्यांच्या वासनेला बळी पडली. दिवस गेल्यावर त्याच शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून तिने गर्भ पडावा म्हणून नाना विषारी औषधं घेतली. गर्भ पडला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्या बाळाला सुरीने मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला पकडलं. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

हा सगळा तपशील खुद्द जोतीरावांनी डिसेंबर १८८४ मध्ये लिहून ठेवला आहे. बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून सरकारदरबारी आणि समाजातल्या मंडळींकडे पाठवली होती, त्यांवर मत देताना त्यांनी ही हकीकत सांगितली. म्हणजे घटनेला वीस वर्षं उलटून गेल्यावर. तरी सुरी, विहीर, दोन दिवस हे सगळं जसंच्या तसं. काही गोष्टी माणूस विसरू म्हणता विसरत नाही.

या टिपणातली एक गोष्ट मला पहिल्यांदा वाचताना जाणवली नव्हती. काशीबाईचं नाव आहे, गोवंड्यांचं पूर्ण नाव आहे, शास्त्रीबुवांचं मात्र नाव नाही. ते नुसतेच शास्त्रीबुवा. कोर्टात पिंजऱ्यात उभी राहिली ती काशीबाई, अंदमानला गेली तीही काशीबाईच. (अंदमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल येतो. तो तर १८९६ मध्ये बांधायला घेतला. काशीबाईच्या वेळी कैद्यांची वसाहत सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती.) शास्त्रीबुवांनी काय केलं ते ठाऊक असूनही त्यांच्यावर कुठलंच कलम लागत नव्हतं. तिने शेवटी होकार दिला ना, मग संपलं. केशवपन केलेली, एकवेळ जेवणारी, दुसऱ्याच्या घरी राबून पोट भरणारी विशीतली बाई, आणि समोर गावात मान असलेला शास्त्री. यातल्या होकाराला होकार म्हणावं का, हा प्रश्न तेव्हा कुठल्या कोर्टाने विचारला नाही.

आपल्या काळातही तो सुखासुखी विचारला गेलेला नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, तेव्हा अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिचा विरोध नव्हता असं धरून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं होतं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापायची नाही ही तरतूदही त्याच दुरुस्तीने आली. आमच्या समितीला अडलेलं कलम ते हेच.

असो. काशीबाई गेली. गोवंडे पुढे मुंबईला गेले. आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं.

हे घर पुण्याच्या गंज पेठेत आहे, ती आता महात्मा फुले पेठ झाली. मी तिथे तीनदा गेले आहे. पहिल्या दोन वेळी मुलींची सहल घेऊन गेले होते, तेव्हा त्यांना मोजण्यातच वेळ गेला. तिसऱ्या वेळी एकटी गेले. ठेंगणी दारं, ओसरी, विहीर आणि जोतीरावांची समाधी. १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी पाणी खुलं केलं ते याच घरात. मी मात्र त्या दिवशी दारंच बघत होते. रात्री-अपरात्री कुणी कडी वाजवली तर आत किती पावलांत येता येईल, असं काहीतरी मनात चाललं होतं.

या गृहाची छापील पत्रकं काढली होती, आणि ती पुण्यात जिथे जिथे ब्राह्मण वस्ती होती तिथल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना चिकटवली होती. मजकुराचा आशय साधा होता. विधवांनो, इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल घेऊन जायचं तर घेऊन जा, ठेवायचं तर ठेवून जा, आम्ही त्याला सांभाळू. ज्या वस्तीतून पंधरा वर्षांपूर्वी दगड आले होते त्याच वस्तीच्या भिंतींवर हा निरोप लागला. पत्रकात कुठे टोमणा नाही, प्रायश्चित्त नाही, तो कोण होता अशी चौकशी नाही. येणाऱ्या बाईने आपली पूर्वीची वागणूक कशी चांगली होती ते सिद्ध करायची अट नाही. आजच्या एखाद्या शासकीय अर्जाशी हे ताडून पाहावं असं मला नेहमी वाटतं.

त्या काळी पोट दिसू लागलेल्या विधवेपुढे मार्ग तरी कोणते होते? घरच्यांनी काशीयात्रेला म्हणून नेऊन परमुलखात सोडून यायचं. विहीर जवळ असायची. वैदू किंवा एखादी जाणती म्हातारी काढा द्यायची, त्यात बाईच जायची. यातून वाचून मूल झालंच तर काशीबाईची वाट. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, पण त्याचा या बायकांना उपयोग शून्य. ज्याने ही वेळ आणली तो लग्न थोडाच करणार होता? आणि तो बहुतेक वेळा लांबचा कुणी नसायचाच. दीर, सासरा, चुलता, शेजारचा शास्त्री. सोवळ्यातल्या घरात तरण्या विधवेपर्यंत परका पुरुष पोचणार कसा? आज पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतांशी ओळखीतलाच असतो, हे दर वर्षी सरकारी अहवालात छापून येतं आणि दर वर्षी आपण नव्याने चकित होतो. मावशींना विचारलं तर त्या हे अहवालाशिवाय सांगतील.

बाळंतपणाचं काम सावित्रीबाईंकडे होतं. बाळंतपण म्हणजे काय हे घरात ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते वेगळं सांगायला नको. पाणी तापवणं, कळा देणाऱ्या बाईची कंबर चोळणं, नाळ कापणं, घाण काढणं, बाळंतिणीला शेक-शेगडी, खाणंपिणं. इथे तर बाईच्या तोंडून ओरडणं बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे तिला बाळाकडे बघायला लावायचं. आणि बाळंत होणारी कोण? जातीने माळणीच्या हातचं पाणी एरवी जिने घेतलं नसतं अशी ब्राह्मणाघरची बाई. ती पहिल्या रात्री त्या घरातलं पाणी प्यायली असेल तेव्हा दोघींनी एकमेकींकडे कसं पाहिलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

आता आकडे. भाषणांतून या गृहाचे आकडे फार वाढवून सांगितले जातात. जोतीरावांनी स्वतः दिलेला आकडा लहान आहे. सुरू झाल्यापासून १८८४ च्या अखेरपर्यंत पस्तीस विधवा आल्या आणि बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत आहेत आणि तीस गेली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी त्या मुलांना पोटातच इजा झाली होती, हे कारणही त्यांनी दिलं आहे.

तीस मुलं गेली. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. वीस-एकवीस वर्षांत पस्तीस, म्हणजे वर्षाला सरासरी दोनही नाहीत. शहरभर पत्रकं लावून वर्षाला दोन. त्यांतल्या दर सात मुलांमागे सहा हातातून जाणार. ज्या बाईला स्वतःचं मूल नव्हतं तिने आपल्या घरात तीस तान्ही मुलं मरताना पाहिली, आणि तरी कडी वाजली की ती उठत होती. अहवालाच्या भाषेत बोलायचं तर या संस्थेच्या यशाचं प्रमाण चौदा टक्के. आमच्या समितीपुढे असा प्रस्ताव आला असता तर आम्ही नक्की विचारलं असतं की कार्याचा विस्तार काय, लाभार्थी किती. पण दुसऱ्या बाजूने मोजून पाहा. पस्तीसजणी. त्यांतली एकही त्या खेपेला विहिरीत गेली नाही आणि एकही काळ्या पाण्यावर गेली नाही.

त्या पस्तीसपैकी एकीचंही नाव जोतीरावांनी त्या टिपणात लिहिलेलं नाही. मघाशी शास्त्रीबुवांचं नाव नाही म्हणून मला राग आला होता. हे दुसरं न लिहिणं वेगळं आहे. गुप्तपणे बाळंत व्हा असं भिंतीवर छापून सांगितलं होतं, तो शब्द वीस वर्षांनी सरकारला लिहितानाही पाळला. काशीबाईचं नाव आपल्याला कळलं ते कोर्टाने तिला शिक्षा केली म्हणून. ज्या वाचल्या त्या बिननावाच्या राहिल्या.

पुढे इतरांनीही ही वाट धरली. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी, लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, असंच बालकाश्रमाचं काम सुरू केलं. वारीच्या गावी का, हे वेगळं सांगायला नको. आणि १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, नंतर ती कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्याबद्दल जे छापून आलं ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. अठरा वर्षं उलटली होती तरी गोष्ट काशीबाईचीच होती. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जोतीरावच.

सावित्रीबाईंच्या कामाची एक दुसरी तऱ्हाही होती. १८६८ च्या ऑगस्टमध्ये त्या नायगावला माहेरी असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं एक पत्र आहे. गणेश नावाचा पंचांग घेऊन गावोगाव हिंडणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचा संबंध आला, ती सहा महिन्यांची गरोदर राहिली. गावाने दोघांना धरलं, मारत मारत रस्त्याने काढलं, जिवे मारायचा बेत होता. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या. इंग्रज सरकारच्या कायद्यात खून केल्यावर काय होतं ते त्यांनी जमावाला समजावलं. गाव निवळलं, पण दोघांनी गाव सोडायचं असं ठरलं. सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिलं. शारजेची गोष्ट अत्याचाराची नव्हे, प्रेमाची. पण जमावाला त्या फरकाशी कर्तव्य नव्हतं. पोटुशी बाई सापडली की हात शिवशिवतात. या प्रसंगात सावित्रीबाईंनी दया-माया, धर्म असलं काही पुढे केलं नाही, सरळ कायदा पुढे केला. समोरच्याला काय कळेल याचा त्यांचा अंदाज शिक्षिकेचा होता.

१८७४ मध्ये त्या घरात एक विधवा बाळंत झाली. तिचंही नाव काशीबाईच सांगतात, त्यामुळे व्याख्यानांतून दोन्ही काशीबाईंची सरमिसळ होते. पहिली अंदमानला गेली त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. या दुसरीचा मुलगा जगला. फुले दांपत्याने त्याला आपला केला, नाव यशवंत. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र केलं, त्यात यशवंत हा वारस, आणि नाळ कापल्यापासून त्याला सावित्रीने वाढवलं आहे असा उल्लेख आहे. कायद्याच्या कागदात नाळेचा उल्लेख! वारसाहक्काला कुणी उद्या हरकत घेईल, याची त्यांना पुरती कल्पना होती.

यशवंताला मुलगी मिळणं सोपं नव्हतं. विधवेचा मुलगा, शिवाय जात कोणती धरायची? हडपसरकडचे सत्यशोधक कार्यकर्ते ज्ञानोबा ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली, आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न लागलं. ससाण्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. पस्तीसजणींना आसरा देणारे दोघंजण थोर खरेच. पण तशा आईच्या मुलाला आपल्या पोटची पोर देणारा बाप आणखी एक लागतो, त्याशिवाय आसऱ्याच्या पुढची गोष्ट घडत नाही. मावशींच्याही हकीकतींत असा एक रिक्षावाला आहे, जो तारखेच्या दिवशी त्या मुलीकडून भाडं घेत नाही आणि कुठे जायचं ते विचारत नाही.

घेतली जाणार होती ती हरकत निघाली जोतीरावांच्या तिरडीपाशी. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. टिटवं धरेल त्याचा वारसा, अशी रीत. भाऊबंदांतून यशवंताला विरोध झाला. सावित्रीबाईंनी टिटवं आपल्या हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या, अग्नीही त्यांनीच दिला. स्त्रियांच्या हक्काचा प्रसंग म्हणून हा नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण त्या क्षणी त्या एका मुलाची बाजू घेऊन उभ्या होत्या, हे त्यात विसरलं जातं. तिरडीपाशी भांडण कुणाशी घालायचं? त्यांनी वाद घातलाच नाही, टिटवं उचललं.

पुढची सहा-सात वर्षं सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी पाहिलं. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. यशवंत डॉक्टर झाला होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा शहराबाहेर ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना घातला आणि सावित्रीबाई तिथे रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी पडल्याचं कळलं, त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. वय सहासष्ट. मुलगा वाचला. लागण सावित्रीबाईंना झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर म्हणजे त्या पाच जगलेल्यांतला एक.

ऑक्टोबरमध्ये मी मावशींकडे गेले होते. पुरस्काराचं गेल्या वर्षी काय झालं ते त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट नाव आलं नाही ते बरं झालं, असंच त्यांचं म्हणणं. स्टेजवर चढले तर पुढच्या वेळी मी रुग्णालयाच्या दारात दिसले की लोक आधी माझ्याबरोबर कोण आहे ते बघतील, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. बारा वर्षांखाली मी त्यांना असल्या गोष्टी समजावत असे.

मग त्यांनी कॉटखालून एक पत्र्याची पेटी ओढली. आत तीन सलवार-कमीज, दोन परकर, चड्ड्या, एक गाऊन, सगळे नवे, घड्या घातलेले. तपासणीच्या वेळी मुलीच्या अंगावरचे कपडे पुरावा म्हणून पोलीस कागदी पिशवीत सीलबंद करून नेतात. तिने घरी जाताना घालायचं काय, हा विचार कुणीच केलेला नसतो. रुग्णालयाचा हिरवा झगा घालून रिक्षातून उतरली की गल्लीला न सांगता कळतं. म्हणून ही पेटी. निवृत्तीवेतनातून त्या भर घालत असतात.

या वर्षीच्या बैठकीत मी पुन्हा त्यांचं नाव मांडणार होते, ते आता मांडणार नाही. त्याऐवजी दुसरंच काही मांडलं आहे आणि चौघांपैकी दोघांनी होकार कळवला आहे. तोवर मी आपल्या परीने बाजारात जाऊन दोन ड्रेस आणले. मावशींनी एक ठेवून घेतला आणि एक परत दिला. त्याला पाठीमागे चेन होती. अशा दिवशी मुलीला पाठीमागे कुणाचा हात लागलेला चालत नाही, पुढून बटणं असलेला आणा, सुती आणा, ढगळ आणा आणि रंग असा आणा की त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. दुकानदाराने तो बदलून दिला.